नळाच्या पाण्याचा निवाडा

निवाडा देण्याआधी शास्त्रीबुवा उजव्या हाताची तीन बोटं वर करीत. "नियमाला तीनच गोष्टी लागतात," ते म्हणत. "सांगणारा एक, ऐकणारे सगळे, आणि न ऐकणाऱ्याला भोगायला लावणारे शेजारी." मग बोटं मिटून तपकिरीची डबी उघडीत. तपकीर ओढून होईपर्यंत समोरच्याचं नशीब ठरलेलं असे.

काशीत पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत आम्हा दक्षिणी ब्राह्मणांची थोडी घरं होती. मी इंग्रजांच्या कचहरीत वकिली करीत असे. पण गल्लीत कोणाच्या पंक्तीला कोण बसेल आणि कोणाच्या मयताला कोण जाईल, हे समोरच्या घरातले शास्त्रीबुवा ठरवीत. संध्याकाळी ओट्यावर बसून माझ्या कायद्याची टर उडवणं हा त्यांचा विरंगुळा होता. तुमचा कायदा शिपायाच्या दंडुक्याला टेकून उभा आहे, शिपाई पाठमोरा झाला की आडवा होतो, असं ते म्हणत. मी हसून घेई, कारण कचहरीत गंगाजळाचा गडू हातात धरून खोटी शपथ घेणारे लोक त्यांच्या ओट्यापुढे मान खाली घालून खरं बोलताना मी पाहिले होते.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. विद्वान, निर्लोभी, आणि सगळ्यात कडक स्वतःशी. लाच खाणारा परवडतो, त्याला निदान कुठून तरी गाठता येतं. एकदा सोवळ्यात असताना यांना मांजर शिवलं, तर यांनी दिवसभर उपास केला आणि मांजरालाही करायला लावला. मांजराने मात्र संध्याकाळी उपाध्यांच्या घरी जाऊन पारणं फेडलं.

मग सरकारने गल्लीच्या तोंडाशी नळ आणला. नळाच्या आत चामड्याची चकती असते, हे कोणीतरी शास्त्रीबुवांच्या कानावर घातलं. तीन बोटं वर झाली. नळाचं पाणी स्वयंपाकाला आणि पूजेला चालणार नाही, जो वापरील तो पंक्तीबाहेर. सगळ्यांनी माना डोलावल्या. घरोघरी घाटावरून पाणी आणणारे पाणके होतेच, त्यामुळे कोणाचं काही अडलं नाही.

अडलं फक्त गोदूकाकूचं. काकू विधवा, गल्लीच्या टोकाच्या खोलीत एकटी राहणारी. मरण काशीत यावं म्हणून ती कऱ्हाडाहून आली होती आणि मरण यायच्या आधी गुडघे गेले होते. पाणके मोठी घरं आटोपून दमत. तिच्या एका घागरीसाठी पुन्हा कोण उतरणार? एका उन्हाळ्यात तिने पहाटे नळावर तांब्या भरला आणि त्यात मूठभर तांदूळ शिजवले. उपाध्यांच्या बायकोने ते पाहिलं.

काकूला ओट्यापुढे बोलावलं. ती भिंतीला धरून उभी राहिली आणि तिने काही नाकारलं नाही. शास्त्रीबुवांनी प्रायश्चित्त सांगितलं: पंचतीर्थी करायची, पायी, आणि पाचही घाटांवर स्नान. ते पुरं होईपर्यंत कोणी तिला शिवायचं नाही, आणि ती मेलीच तर खांदा द्यायचा नाही.

माझं डोकं फिरलं. त्या संध्याकाळी मी त्यांना विचारलं की म्हाताऱ्या आणि आजारी माणसाला अर्धं प्रायश्चित्त, किंवा त्याच्या जागी जप, असं तुमच्याच शास्त्रात आहे ना?

"आहे," ते म्हणाले. "मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे. गल्लीला माहीत नाही, म्हणून गल्ली चालते. आज गोदूचे गुडघे, उद्या कोणाची कंबर. परवा नळावर रांग लागेल."

मी काकूकडे गेलो. पंचतीर्थीच्या नादी लागू नका, तुमचं पाणी मी आणून देईन, असं सांगितलं. ती उंबऱ्याच्या आतूनच बोलली. "पाणी नको वकीलसाहेब. पाण्यावाचून मरेन, त्याचं काही नाही. पण मेल्यावर उचलणार कोण? त्याच्यासाठीच तर आले होते इथे."

ती निघाली. घाटाच्या सीढ्या बसून बसून उतरायची आणि हाताने पाय ओढत चढायची. एक घाट झाला की आठवडाभर पडून राहायची. अस्सी झालं, दशाश्वमेध झालं, पार आदिकेशवही झालं. पंचगंगेवर बुडी मारून ती वर आली तेव्हा तिला ताप होता. मणिकर्णिका तेवढी राहिली होती.

मी एका खटल्यासाठी जौनपूरला गेलो होतो, तेव्हा ती गेली. परत आलो तर खोलीला कुलूप. सकाळभर गल्लीतली सगळी दारं बंद होती, असं मला कळलं. उपाध्यांनी तर फटीतून बघणाऱ्या बायकोला आत ओढलं. शेवटी घाटावरचे नावाडी, मल्लाह, वर आले आणि त्यांनी तिला नावेतून मणिकर्णिकेला नेलं.

मी अंगातला कोट न काढता शास्त्रीबुवांपुढे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, चितेवर ठेवण्याआधी मल्लाहांनी तिला गंगेत बुडवलं, म्हणजे पाचवं स्नान झालं. तिची पंचतीर्थी पुरी झाली की नाही, निवाडा द्या.

"मेलेल्याला प्रायश्चित्त नसतं," ते म्हणाले.

मी वळलो. तेव्हा मागून त्यांचा आवाज आला, इतका हलका की मला थांबावं लागलं.

"मी सकाळभर खिडकीत होतो. एक तरी दार उघडेल असं वाटलं होतं मला."

"तुमचं होतं की," मी म्हणालो.

मला त्या क्षणी त्यांचा संताप आला आणि कीवही आली, आणि संताप अजून आहे.

त्यानंतर ते ओट्यावर क्वचित बसत. पुढच्या पावसाळ्यात गेले. त्यांना खांदा द्यायला एवढी गर्दी लोटली की मला जवळ जाता आलं नाही.

तेराव्याला गंगा चढलेली होती. पंचगंगेच्या सीढ्या पाण्याखाली, पाणी गढूळ, पाणके उतरायला तयार नव्हते. शास्त्रीबुवांच्या सूनबाईंनी घागरी नळावर पाठवल्या. त्या गल्लीतून भरून आल्या, सगळ्यांच्या समोरून. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. पंक्तीत माझ्या शेजारी उपाध्ये बसले होते. नळाचं पाणी स्वच्छ आणि गार होतं. त्यांनी पेला रिकामा करून आणखी मागितलं, आणि सूनबाईंनी ओतलं.