येशूजन्माच्या चित्रावरची दुसरी सही

सिंगापूरला आले तेव्हा नवऱ्याची नोकरी चांगी बिझनेस पार्कात आणि माझं चित्रकलेचं शिक्षण कपाटात, अशी स्थिती होती. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीसाठी मी देखाव्याचा पडदा रंगवला. सगळे वाहवा करत असताना मंडळातल्या नलिनीताई म्हणाल्या, "जरा वरची बाजू खाली करून धरा बघू." उलट्या पडद्यावर माझ्या आकाशाचा ढिसाळपणा लगेच दिसला. मला भयंकर राग आला, आणि पुढच्याच आठवड्यात मी त्यांच्या हाताखाली शिकायला लागले.

जुनी चित्रं पारखण्यात, स्वच्छ आणि दुरुस्त करण्यात ताईंचा शब्द इथे प्रमाण मानतात. इथल्याच सेरंगून भागातल्या तेरेसा आंटींकडे येशूजन्माचं बरोक काळातलं, म्हणजे सतराव्या शतकातलं तैलचित्र आहे. गवतावर बाळ, आणि त्याच्या तेजाने उजळलेले मेंढपाळांचे चेहरे. कोपऱ्यात एका नामवंत इटालियन चित्रकाराची सही. ती खरी असल्याचा निर्वाळा पूर्वी ताईंनीच दिला होता. त्या जोरावर एका मोठ्या प्रदर्शनाने चित्र मागितलं, म्हणून ते सफाईला आमच्याकडे आलं.

पिवळं पडलेलं वार्निश काढताना कापसाच्या बोळ्यावर सहीचाच रंग उतरला. ताई थांबल्या. सही वार्निशच्या वर होती, म्हणजे मागाहून कोणीतरी घातलेली. खाली पुसटशी दुसरी सही होती, त्या चित्रकाराच्या शिष्येची. तिथेच हात आवरला असता तर कोणाला काही कळलं नसतं. मी म्हणालेही, "ताई, राहू दे ना." त्यांनी सरळ आंटींना फोन लावला.

आंटींना भिंगातून सगळं दाखवून ताई म्हणाल्या, "माझं चुकलं होतं. ही सही पुसली तर प्रदर्शनवाले कदाचित चित्र नाकारतील. चित्र तुमचं आहे, तुम्ही म्हणाल तसं." आंटी बराच वेळ भिंगाला डोळा लावून होत्या. मग आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाल्या, "पुअर गर्ल. सो लाँग नोबडी से हर नेम. वाइप लाह!"

चित्र प्रदर्शनात लागलं, पण बाजूच्या भिंतीवर. पाटीवर शिष्येचं नाव होतं. आपली चूक ताईंनी माहितीपत्रकात स्वतःच्या नावानिशी छापायला लावली. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

माणूस म्हणूनही त्या अशाच सरळ. नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलात माझं ऑपरेशन झालं तेव्हा रोज मऊ भात घेऊन यायच्या, आणि भिंतीवरची तसबीर वाकडी लावल्याबद्दल नर्सशी हुज्जत घालायच्या.

पंचाहत्तरीत ताईंनी आपले जुने सगळे निर्वाळे पुन्हा तपासायला घेतले आहेत. त्यांना उदंड आयुष्य लाभो, डोळे आणि हात असेच साथ देवोत. आराम करा म्हटलं की त्या म्हणतात, "अगं, माझ्या शब्दामुळे अजून एखादीचं नाव दडून राहिलं असेल."