हिरवी पूड

कुलपं दुरुस्त करण्यात त्याची उभी हयात गेली, पण लोक त्याला ओळखायचे ते वैद्यबुवा म्हणून. नाडी माणसांची नव्हे, नाण्यांची. ऑनलाइन जुनी तांब्याची नाणी घेऊन पस्तावलेली मंडळी त्याला फोटो पाठवायची आणि हा फोनवर सुनवायचा, "गर्द हिरवं, गुळगुळीत, घट्ट असेल तर हात लावू नका, ती त्याची कातडी आहे. पिठासारखी फिकट हिरवी पूड असेल, टूथपिकने निघत असेल आणि खाली खड्डा पडला असेल, तर रोग आहे. बाकीच्यांपासून आधी लांब करा." शंका असलीच, तर ओल्या कापसाच्या बोळ्याशेजारी डबीत बंद करायला सांगायचा. सकाळी ताजी पूड दिसली की निदान पक्कं. नाण्याच्या पोटात मीठ असतं, ओल मिळाली की ते तांबं खात सुटतं.

असा हा शहाणा माणूस स्वतःच्या घरात मात्र वर्षभर कानाडोळा करत बसला होता.

ते नाणंही ऑनलाइनच आलेलं, अगदी ठणठणीत. त्यावर कुण्या राणीचा चेहरा. बायको तेव्हा अंथरुणाला खिळली होती. नाणं बघून किती दिवसांनी हसली. "हिचं नाक बघा, माझ्यासारखंच फेंदारलेलं. ही माझी." उघड्या हाताने नाण्याला शिवलं तर हा पाहुण्यांच्याही अंगावर जायचा, पण तिला काय बोलणार? तिने ते मुठीत धरलं, ते शेवटपर्यंत. तापाने घामेजलेली मूठ. ती गेल्यावर लेकीने एकेक बोट सोडवून नाणं काढलं.

त्याने ते धुतलं नाही, तसंच डबीत ठेवलं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्याने त्याची बिनपाण्याने केली असती.

राणीच्या गालावर पहिला ठिपका दिसला तेव्हा त्याने तो ब्रशने झटकला. पुन्हा आला. मग नाकाशी, मग ओठांवर. डबी उघडावी तर नवी पूड, जणू कुणी येऊन बसून गेलंय. तरी डबी उघडल्याशिवाय सकाळचा चहा घशाखाली उतरायचा नाही. मीठ कुठून आलं हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तिचा घाम तो. तिचं एवढंच काय ते अजून घरात हलत होतं.

लेकीने पाहिलं तेव्हा ती भडकली. "बाबा, जगाला अक्कल शिकवता आणि आईचंच नाणं सडू देता? डिस्टिल्ड वॉटरमध्ये टाका, मीठ निघून जाईल सगळं."

"तेच तर," तो म्हणाला.

"नाही टाकलं तर चेहरा जाईल!"

"आणि टाकलं तर ती जाईल. तुला नाही कळायचं."

लेकीने ऐकलं नाही. वाटीत पाणी ओतून तिनेच नाणं सोडलं. दोन दिवस तो वाटीभोवती घुटमळला. तिसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर त्याने नाणं उचललं, पुसलं आणि ओल्या बोळ्याशेजारी ठेवलं. सकाळी ओठांवर पूड होती. त्याला हायसं वाटलं, आणि आपल्याला हायसं वाटतंय याची शरमही. आपण एक चेहरा जाणूनबुजून खायला घालतोय, हे त्याला स्वच्छ कळत होतं.

पुढे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्याला धाकट्या भावाकडे राहावं लागलं. परतल्यावर चष्मा सावरत त्याने सगळ्यात आधी डबी उघडली. बोळा एव्हाना खडखडीत वाळायला हवा होता. तो ओलाचिंब होता, आणि राणीच्या कपाळावर ताजी पूड.

तो मागे वळला तर दारात लेक उभी.

"मीच टाकलं पाणी," ती म्हणाली. "कापूस सुकला होता. दोन दिवस उघडून बघितलं, बाबा, काही आलंच नव्हतं. मला राहवेना."