झाडाच्या मधोमध पँटचा पाय

कॉम्प्युटर क्लासमध्ये माणूस शिकतो कमी आणि किस्सेच जास्त गोळा करतो. मी फी भरली होती डीटीपीची. त्यातलं आज काही म्हणजे काही आठवत नाही. पण तिथे आम्ही जे 'झाड' लावलं, त्याचे किस्से कोणी विचारलं की एकामागून एक निघतात. विचारलं नाही तरी निघतात, असं बायको म्हणते.

आधी झाड म्हणजे काय ते सांगतो. गोष्ट नव्वदीच्या अखेरीची. उल्हासनगर कॅम्प चारला वासुभाईंचा क्लास होता. दुपारी एक ते चार बॅच नसायची. त्या वेळात बेलवलीचा मी आणि अंबरनाथचा मंदार एका मशीनवर बसून राज्यं जिंकायचो. विलायती गेम होता, कोणाकडून तरी फ्लॉप्यांवर आलेला. त्यात रोमन होते, इजिप्तवाले होते, आपलं कोणीच नव्हतं. एक दिवस मंदारला कळलं की गेमचे सगळे नियम एका साध्या टेक्स्ट फाईलमध्ये आहेत. फाईल बदला, गेम बदलतो! मग ठरलं, शिलाहारांपासून पेशव्यांपर्यंतचं आपलं कोकण त्यात आणायचं. त्यातलं मोठं काम म्हणजे टेक ट्री. कुठली विद्या आधी, कुठली नंतर, काय आल्याशिवाय काय येणार नाही, याचा तक्ता. त्यालाच आम्ही झाड म्हणायचो.

माझ्यासाठी हा टाइमपास होता. मंदारसाठी नव्हता. त्याचे वडील अंबरनाथच्या एका फाउंड्रीत फोरमन होते. त्यांना सगळे नाना म्हणायचे, मंदारसुद्धा. मंदारचा बारावीचा निकाल बेताचा लागला तेव्हा नानांनी कंपनीतून अप्रेंटिसचा फॉर्म आणला. मंदारला तर कॉम्प्युटरच करायचं होतं. नाना म्हणाले, "दिवाळीनंतरचा मंगळवार ही फॉर्मची शेवटची तारीख. तोवर चालणारं काहीतरी करून दाखव. नाहीतर डबा घ्यायचा आणि माझ्याबरोबर निघायचं."

*

झाड काढायला मोठा कागद लागणार होता. वासुभाईंच्या मेव्हण्याचा कॅम्प तीनला जीन्सचा कारखाना होता. तिथून त्यांनी ब्राऊन पेपरचं भलंमोठं भेंडोळं आणून दिलं, तेही फुकट. उलगडलं तर मधोमध पँटच्या पायाच्या आकाराचं भोक! पॅटर्न कापून घेतल्यावर उरलेला कागद होता तो.

आम्ही भोकाच्या भोवतीने झाड काढलं. डावीकडे भातशेती, मिठागरं, मंदिरं. उजवीकडे किल्ले, तोफा, आरमार. मध्ये काहीच नाही.

क्लासमध्ये एक रिटायर्ड इतिहासाचे सर टायपिंग शिकायला यायचे. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "मधली दोन शतकं कोरी का सोडलीत?"

मंदार गंभीरपणे म्हणाला, "सर, तिथे पँट होती."

सर भोकावर वाकले आणि म्हणाले, "चालेल. आमच्या पाठ्यपुस्तकातसुद्धा तिथे फारसं काही नव्हतं!"

*

पहिल्यांदा गेम चालू केला तर तो पुढेच सरकेना. शेती झाली, मडकी झाली आणि कोकण ठप्प! दोन दिवस शोधलं तेव्हा घोळ सापडला. लोखंडाला कोळसा हवा, कोळशासाठी झाडं तोडायला कुऱ्हाड हवी आणि कुऱ्हाडीला लोखंड हवं. तिन्ही ओळी माझ्याच हातच्या होत्या. दिवाळी किती दिवसांवर आली ते मंदारने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं.

मी घरी काकाला विचारलं. काकाने जन्मभर बेलवलीत भात लावला, शाळेचं तोंड पाहिलं नाही. ऐकून तो पोट धरून हसला. "आरं, पयली कुराड कोन सोता बनवतंय? शेजाऱ्याची मागून आनायची, आन् परत द्याया इसरायचं!"

दुसऱ्या दिवशी आम्ही झाडाच्या बुंध्याशी एक नवी विद्या घातली, 'शेजारी'. गेम धडाधड चालायला लागला.

*

वासुभाईंनी हे 'शेजारी' प्रकरण बघितलं आणि ते खूश झाले. त्यांचे वडील फाळणीनंतर रिकाम्या हाताने कॅम्पच्या बराकीत आले होते. वासुभाई खुर्ची ओढून म्हणाले, "इसमें नक्कल डालो."

"म्हणजे?"

"म्हणजे शोध कशाला लावायचा? पहले देखो, फिर बनाओ, फिर सस्ता बेचो!"

मंदारला हे पटेना. ही काय विद्या झाली? पण मशीन वासुभाईंचं होतं, दुपारही त्यांचीच होती. घातली. ज्याच्याकडे नक्कल, त्याला शेजाऱ्याची कुठलीही विद्या अर्ध्या वेळात.

मग वासुभाई स्वतः खेळायला बसले. त्यांनी एकही शोध लावला नाही, एकही लढाई केली नाही. तासाभरात अख्खं कोकण त्यांच्याकडून मीठ, कापड आणि तलवारी घेत होतं. ज्यांच्या तलवारींची त्यांनी नक्कल केली होती, तेसुद्धा!

मंदार म्हणाला, "वासुभाई, ही चीटिंग आहे."

"बेटा, तू जो क्लास में बैठा है ना," वासुभाई म्हणाले, "वो भी सामनेवाले का देखके ही खोला था!"

*

दसऱ्याला मात्र घात झाला. नानांच्या घरी हत्यारांची पूजा जोरात असायची. पाने, हातोड्या, व्हर्नियर कॅलिपर, सगळं पाटावर मांडलेलं. मंदारच्या आईला वाटलं, मुलाचंही हत्यार हवं. तिने त्याच्या बॅगेतून फ्लॉपी काढली, पाटावर ठेवली आणि मनोभावे हळदकुंकू वाहिलं. पत्र्याची झडप नीट सरकवून, आतसुद्धा!

तीन आठवड्यांचं काम त्या फ्लॉपीवर होतं. दुसरी कॉपी नव्हती, क्लासच्या मशीनवरचं तर रोज संध्याकाळी पुसलं जायचं. मंदार रडकुंडीला आला. आई त्याच्याहून जास्त रडली.

नानांनी फ्लॉपी उचलून हलवून बघितली. कुंकू खाली सांडलं. ते म्हणाले, "ज्याला कुंकू चालत नाही, ते कसलं हत्यार?"

ब्राऊन पेपरवरून आम्ही सगळं पुन्हा टाईप केलं. दिवाळीचा फराळ मी क्लासमध्येच खाल्ला. मंदारने तर तोही खाल्ला नाही.

*

दिवाळीनंतरच्या रविवारी नाना क्लासवर आले. मंदारने खुर्ची दिली. ते उभेच राहिले. मंदारने झाड दाखवलं, गावं दाखवली, आरमार दाखवलं. शेवटी तोफ आली. लोखंड आलं, दारू आली, गेमच्या आठ फेऱ्यांत तोफ तयार.

"तोफ अशी होते?" नानांनी विचारलं.

मंदारचा चेहरा उतरला. मला वाटलं, संपलं. खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं.

"आधी पॅटर्न, म्हणजे तोफेचा लाकडी नमुना. मग मातीचा साचा. साचा सुकला पाहिजे, ओल राहिली तर फुटतो आणि माणसं जातात. धातू वितळवायला सलग कोळसा. एका फेरीला कमी पडला की धातू गोठला, सगळं पहिल्यापासून! लिही."

मंदारने लिहून घेतलं. चार वाजता नाना निघून गेले. चांगलं म्हणाले नाहीत, वाईटही म्हणाले नाहीत. सोमवारची अख्खी दुपार ते नियम फाईलमध्ये बसवण्यात गेली.

मंगळवारी एक वाजता नाना पुन्हा दारात! अंगात इस्त्रीचा शर्ट. ज्या माणसाने स्वतःच्या साखरपुड्याला फक्त हाफ डे टाकला होता, त्याने चक्क रजा घेतली होती. या वेळी ते न विचारता खुर्चीत बसले. मंदारने माऊस कसा धरायचा ते दाखवलं. मग दोन तास खेळ चालला. पडद्यावर शत्रू किल्ल्याला भिडला होता, आणि नाना साचा सुकायची वाट बघत होते.

साडेतीनला खाली स्कूटर थांबली. नानांच्या फाउंड्रीतले सावंत धापा टाकत वर आले. "नाना, घरी जाऊन आलो! चारला फॉर्मची खिडकी बंद होते. साहेब म्हणतात, फॉर्मवर तुमची सही त्यांच्यासमोरच व्हायला पाहिजे. चला, बसा मागे."

मंदार माझ्याकडे बघत नव्हता, नानांकडेही नाही. तो नुसता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता.

नानांनी मानसुद्धा वळवली नाही.

"भट्टी पेटवलीय, सावंत. सोडून कसा येऊ?"

सावंतांनी घड्याळ बघितलं. मग वाकून पडद्यात बघितलं. बराच वेळ बघितलं.

"कोळसा पुरेल का पण एवढा?" ते म्हणाले, आणि त्यांनी स्टूल ओढलं.