काठावर लिहिलेलं लेबल

ठवकर सरांनी मला नापास केलं होतं.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं.

बीएस्सीचं पहिलं वर्ष, केमिस्ट्री. निकालानंतर मी कॉलेजला जाणंच बंद केलं. स्टील प्लांटच्या सेक्टर 10 मधल्या आमच्या क्वार्टरमागे पेरूखाली बसून राहायचे.

आठव्या दिवशी सर स्कूटरवरून गेटपाशी आले. काखेत एक लांब रजिस्टर.

आईशी ते भंडाऱ्याकडच्या मराठीत बोलले. आमच्या हिंदी मुलखात घराबाहेरच्या माणसाच्या तोंडून ती भाषा मी पहिल्यांदा ऐकत होते. नापास होण्याचा विषय निघालाच नाही. चहा संपवून मला म्हणाले, "सोमवारी प्रॅक्टिकल आहे. बाटल्या धुवाले कोणी नाही."

मी सोमवारी गेले.

त्या रजिस्टरमध्ये पहिल्यांदा नापास झाल्यावर कॉलेज सोडणाऱ्या मुलांची नावं होती. ती का सुटतात आणि कशाने परत येतात, हा सरांचा एक अभ्यास. दुसरा केमिस्ट्रीचा: धानाच्या भुशाची राख पाण्यातलं क्रोमियम आपल्या पृष्ठभागावर कसं धरून ठेवते. आणि तिसरा पर्यावरण कायद्याचा, कारण जवळच्या एका गावाच्या तलावात कारखान्याचं पाणी येत होतं आणि गावाने केस केली होती.

स्टाफरूममध्ये थट्टा चालायची. "ठवकरजी, आप केमिस्ट हैं, वकील हैं कि काउन्सेलर?"

सर मला म्हणायचे, "तलावाले कुठं माहीत आहे, माझा डिपार्टमेंट कोणता ते."

एमएस्सीला त्या तलावाचे नमुने घ्यायचं काम माझ्याकडे आलं. केस त्या आकड्यांवर उभी राहणार होती.

जानेवारीची सकाळ. पाणी कुठे संपतं आणि धुकं कुठे सुरू होतं, दिसत नव्हतं. प्लांटच्या चिमण्यांचा धूर त्यातच मिसळलेला. ती सकाळ मला अजून स्वप्नात दिसते. स्वप्नात आवाज नसतो.

सरांचा नियम होता. बाटली भरली की लेबल तिथेच, काठावर लिहायचं. कोर्टात आधी तेच विचारतात.

माझी बोटं गारठली होती. ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. दोन बाटल्यांची लेबलं मी घरी येऊन लिहिली. एक बाटली नाल्याच्या तोंडाची, एक पलीकडच्या घाटाची. दोन्हींतलं पाणी सारखंच दिसत होतं.

कोणती कुठली, ते मी अंदाजाने ठरवलं.

सरांनी बाटल्या लॅबच्या खिडकीत धरून पाहिल्या. बराच वेळ.

"हे कुठं लिहिलं?"

"काठावर, सर."

त्यांनी बाटल्या कपाटात ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी मी खरं सांगितलं. सोबत कॉलेज सोडायचा अर्जही नेला होता.

सर म्हणाले, "मले कालच समजलं होतं. थंडीत, ओल्या हातानं इतकं सुंदर अक्षर येत नाही, बेटा."

मी विचारलं, मग काल बोलले का नाही.

"तुले एक रात्र देऊन पाहिली."

अर्ज त्यांनी घेतला नाही. नमुने मात्र केसमधून मागे घेतले. तारीख पुढे गेली. समोरच्या वकिलाने टोमणे मारले, ते सरांनी ऐकून घेतले. गावाला सांगायचं काम मला दिलं. स्वतः माझ्यामागे दोन पावलं उभे राहिले.

घाटावर बायका भांडी घासत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांतल्या सर्वांत म्हाताऱ्या आजीने हातातली कढई उपडी ठेवली आणि घरच्या पोरीला सांगावं तसं तिच्या बोलीत म्हणाली,

"त फेर भर ले, नोनी. पानी त इहेंच हे."

मी पुन्हा भरलं. या वेळी लेबलं वाकडी आली, शाई पसरली. त्याच बाटल्या कोर्टात टिकल्या. कारखान्याचं पाणी थांबवायचा आदेश आला. नाल्याच्या तोंडाशी आता भुशाच्या राखेचा थर आहे, तो बदलावा लागतो. तलाव पूर्ण स्वच्छ झाला असं मी म्हणणार नाही. आकडे कमी झाले, हे मी म्हणू शकते.

गेल्या महिन्यात मोहन नगरला सरांच्या घरी, काकूंकडे गेले होते. त्यांनी ते रजिस्टर माझ्या हातात ठेवलं. माझ्या नावापुढे सरांच्या अक्षरात दोन नोंदी आहेत.

पहिली: "बाटल्या धुवाले आली."

दुसरी: "काल खोटं बोलली. आज स्वतः आली."

नावापुढे "सुटली" असा एक रकाना आहे. तो कोरा आहे.

आज सकाळी तलावावर गेले होते. कोणी सांगितलं नव्हतं, कोर्टाची कुठली तारीख नव्हती. धुकं होतं. एक बाटली भरली. ओल्या हाताने लिहिलं, शाई पसरली, तारीख जेमतेम वाचता येते.

ठवकर सर, मनापासून श्रद्धांजली.

लेबल काठावरच लिहिलंय.