चार तपासण्या

मार्चमधल्या एका मंगळवारी माझी पत्नी सुमन गेली.

मे महिन्यात मी कॉलेजात परत जाऊ लागलो. उन्हाळी सुट्टीत आम्ही बी.एस्सी.च्या मुलांना संशोधन शिकवतो. यंदा त्यांच्यापुढे कर्करोगाच्या रुग्णांच्या तपासण्यांचा तक्ता होता. त्यात नावं नव्हती, एका रुग्णाची एक ओळ होती. त्या मुलांतला तेजस मोकळे रकाने असलेल्या ओळी पुसत चालला होता.

"सर, हा सगळ्यांनाच हाकलतोय," मृणाल म्हणाली. "शेवटी तक्त्यात आम्ही दोघंच उरू."

"अगं, अर्धवट माहिती आहे ती! ही बाई बघ. चार तपासण्यांना आली, पुढे आलीच नाही."

"शेवटचा रकाना वाच," मी म्हणालो.

त्यात मृत्यूची तारीख होती. तेजसचा हात थांबला. "सॉरी सर. मला वाटलं, कुणीतरी भरायचं विसरलं."

त्या चार तपासण्यांना ती बाई स्वतःच्या पायांनी आली असेल, कुणीतरी तिची पर्स धरून बाहेर बाकावर बसलं असेल. पुढचं काही नाही म्हणून हेही पुसायचं, असं तेजसने अर्धा तास केलं. मी दोन महिने करत होतो. मुलगी घरी आली आणि तिने सुमनचा विषय काढला की मी उठून आत जायचो.

तेजसने पुसलेल्या ओळी परत आणल्या. संध्याकाळी मी मुलीला फोन केला आणि तिच्या आईबद्दल आम्ही बराच वेळ बोललो.

सुमन नाही. तिच्याबरोबरची एकतीस वर्षं आहेत.