अंबूबाईची आरवणारी कोंबडी

अंबूबाई शिराळ्याजवळच्या एका गावात नांदायला आली, तेव्हा सासरचं पहिलं भांडण तिनं ऐकलं ते कोंबडीवरून. ती आत चुलीपुढं भाकरी थापत होती आणि बाहेर सोप्यात सासू-सासरे तापले होते.

"कोंबडी आरवली म्हंजे घरातलं माणूस जातं. सुरी आण," सासरे म्हणाले.

"आवं, पर ती का आरवली ते तरी बघाल का न्हाई?"

"बघायचं काय त्यात? कोंबडीनं आरवायचं न्हाई, एवढंच!"

संध्याकाळी कालवण झालं. सगळ्यांनी ओरपलं. अंबूबाईनंही ओरपलं, नवी नवरी काय बोलणार? पण सासूचा प्रश्न तिच्या डोक्यात राहिला तो राहिलाच, दातात अडकलेल्या कुसळासारखा.

तिला मुळात असल्या चौकशा फार. लेक नाथाजी पलटणीतून सुटीवर आला की बाकीचं गाव त्याला बंदुकीचं विचारायचं, आणि ही विचारायची, "का रं, तितं बर्फात मीठबी गारठतं का?" एकदा तर दाढ काढायला गेली आणि डॉक्टरला म्हणाली, "आता हिचं काय करता तुमी?"

उतारवयात तिच्यापाशी कवडी होती. पिसांवर पांढरे ठिपके, म्हणून कवडी. लय म्हातारी कोंबडी. अंडी कधीच बंद झालेली, तळपाय सुजून त्यात टणक गाठ धरलेली, त्यामुळं खुराड्यातल्या फळीवर चढता येईना. तुरा मात्र कोंबड्यासारखा वाढत चाललेला, आणि त्याचं अंबूबाईला मोठं नवल. तिनं कवडीला पोत्यावर घेतलं. कोमट मिठाच्या पाण्यात पाय शेकायचा, हळद-तेल लावून चिंधी बांधायची, भिजवलेली ज्वारी तळहातावर धरायची.

नाथाजी आता पेन्शनीवर घरीच असे. तो म्हणायचा, "आई, माझी एवढी सेवा कवा केली न्हाईस."

"तू अंडी दिली असतीस तर केली असती."

अशात त्याची लेक अंकिता बाळंतपणाला माहेरी आली. दिवस भरत आले होते, आणि एके सकाळी कवडी आरवली. आवाज घोगरा, मधेच तुटलेला, पण आरवणंच ते. शेजारची धाकटी जाऊ चंद्राबाई हातातल्या झाडूसकट धावत आली.

"अक्का, पोर अवघडलीया आन् घरात कोंबडी आरवतीया? नाथाजी, काढ सुरी!"

नाथाजी आईच्या तोंडाकडं बघत राहिला. अंकिताचं काही वाकडं झालं, तर उभा जन्म अंबूबाईलाच बोल लागायचा. पण कापली तर कवडी जाणार, आणि ती का आरवली तेही तिच्याबरोबर जाणार. तिनं कोंबडी उचलून पदराखाली घेतली.

"चंद्रा, कुटं आरवली म्हंजे वंगाळ असतंय?"

"कुटं म्हंजे? घराच्या आढ्याखाली!"

"आन् आपल्या मळ्यातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीला आढं हाय का?"

चंद्राबाई गडबडली. "तिला... पत्रा हाय."

"पत्र्याचं काय सांगून ठेवलंय जुन्या माणसांनी?"

पत्र्याचं कुणीच काही सांगून ठेवलं नव्हतं. चंद्राबाईनं बराच विचार केला आणि झाडू खाली ठेवला.

मग कवडी मळ्यातल्या त्या खोलीत गेली आणि अंबूबाईची रोजची फेरी सुरू झाली. कमरेवर पाटी, पाटीत भिजली ज्वारी, चिंध्या आणि नाथाजीच्या थर्मासात कोमट पाणी. उसातली पाऊलवाट धरून मळ्यात जायचं, कवडीचं सगळं करायचं, येताना मुंगसाच्या भीतीनं तिच्यावर डालगं पालथं घालून वर दगड ठेवायचा. तिथं कवडी खुशाल आरवायची. ऐकायला ऊस.

शेजारच्या रानात म्हशीला सुई टोचायला जनावरांचा डॉक्टर आला, तशी अंबूबाई कोंबडी घेऊन त्याच्यापुढं उभी राहिली. "डॉक्टर, ही का आरवती?"

त्यानं कवडीचं पोट चाचपलं, तुरा बघितला. म्हणाला, "आजी, म्हातारपणी अंड्याची पिशवी बिघडली की कधीकधी कोंबडीत कोंबड्याचे गुण येतात. शकुन-बिकुन काही नाही. दुखणं आहे. फार दिवस काढायची नाही ही."

शेवटचं वाक्य अंबूबाईनं नुसतं ऐकून घेतलं. पहिल्यावर मात्र ती वाटभर हसत घरी आली. "बघ नाथाजी, अंडी सुटली की गळा सुटतो. आमचंबी तसंच की! सासू गेली, सून आली, तवा कुटं मला तोंड फुटलं."

"फुटलं ते फुटलंच," नाथाजी म्हणाला.

दवाखान्यात अंकिता सुखरूप मोकळी झाली. मुलगी झाली. चंद्राबाई म्हणाली, "बघा अक्का, भाईर ठेवली म्हणून निभावलं!"

"व्हय बाई," अंबूबाई म्हणाली. चांगल्या दिवशी कशाला वाद?

अंकिता घरी आली तशी म्हणाली, "आजी, आण आता कवडीला. बारशाला आरवू दे."

दुसऱ्या सकाळी अंबूबाई पाटी घेऊन निघाली. डालगं उचललं तर कवडी कुशीवर पडलेली. डोळा उघडला, मान काही उचलली नाही. अंबूबाईनं थर्मास उघडला. पाय शेकला, हळद-तेल लावलं, धुतलेली चिंधी बांधली. तळहातावर ज्वारी धरली. कवडीनं एक दाणा चोचीत घेतला आणि तसाच धरून ठेवला. अंबूबाई वाट बघत बसली. बऱ्याच वेळानं दाणा खाली पडला.

तिनं बांधाला खड्डा घेतला. माती लोटली, वर दगड ठेवला. मग मोटारीची खोली झाडली, पोतं झटकलं, पाण्याची वाटी पाटात विसळली. दाराला कडी घातली आणि पाटी कमरेवर घेऊन उसातल्या वाटेनं घराकडं चालू लागली.