बाबांच्या हातातलं टोकन

परवाच्या रविवारी राऊला आईबाबांकडे गेले, तर बाबांच्या लॅपटॉपवर आईने क्रोशाचा रुमाल पांघरून ठेवलेला. म्हणजे बाबांनी खेळणं बंद केलं होतं... आणि मला कुणी काही सांगितलं नव्हतं!

थोडं आधीचं सांगते. बाबा रेल्वेतून रिटायर झालेले स्टेशन मास्तर. मागच्या वर्षी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला आणि उजवा हात रुसून बसला. व्यायामासाठी दिलेला रबरी बॉल त्यांनी सरळ सोफ्याखाली ढकलला. म्हणे, मी काय लहान बाळ आहे?

मग मी त्यांना रेल्वेचा एक छोटासा गेम लावून दिला. माउसने सिग्नल द्यायचे, रूळ बदलायचे, गाड्या एकमेकींवर आदळू द्यायच्या नाहीत, बस्स. हळूहळू बोटं हलायला लागली. त्याहून मोठं म्हणजे बाबा परत ओरडायला लागले... "अरे, मालगाडी बाजूच्या लूपमध्ये घे पहले!" घरात कुणी ओरडतंय याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

आणि आता हा रुमाल. विचारलं तर बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बेटा, माझ्याकडूनच काहीतरी गलत दाबलं गेलं. हात हा असा... सगळं उडालं."

लॅपटॉप उघडून बघते तर काय, दर महिन्याला पैसे भरून ज्या ॲपवर तो गेम घेतला होता, त्या ॲपनेच तो काढून टाकलेला! हा गेम आता मिळणार नाही, अशी इंग्रजीत एक कोरडी ओळ. बाबांनी हौसेने मांडलेलं अख्खं स्टेशन यार्डासकट गायब.

इतका संताप आला ना यार! ॲपवाल्यांचं काय गेलं? इथे माझा बाप आठवडाभर आपल्या हाताला दोष देत बसला होता.

"तुमची काही चूक नाही बाबा, त्यांनीच काढलाय," मी सांगितलं.

"पण आपण पैसे भरत होतो ना?"

"भरत होतो. पण तो आपला नव्हताच... भाड्याचा होता."

मी स्वतः गेमची पक्की शौकीन, आणि माझे गेम मी होता होईल तो डीआरएम-फ्री घेते. म्हणजे एकदा विकत घेतला की सेटअपची फाइल आपल्या घरात. लॉगिन नाही, नेट नाही, उद्या दुकान बंद झालं तरी गेम आपला. बाबांचा तो गेम नेमका अशा दुकानात मिळतच नाही, म्हणून ॲपची मगजमारी.

पण माझ्या त्या डीआरएम-फ्री दुकानात रेल्वेचा दुसरा एक गेम सापडला. जुना आहे, दिसायला अगदीच साधा. तिथल्या तिथे विकत घेतला, सेटअप पेनड्राइव्हमध्ये ठेवला आणि बाबांच्या लॅपटॉपवर टाकला. मग त्यांच्यादेखत राउटर बंद केला आणि म्हटलं, "आता सोडा गाडी."

गाडी सुटली. बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा बंद राउटरकडे.

"कुणाला विचारायचं नाही?"

"कुणालाच नाही. हे आपल्याकडे आहे ना," मी पेनड्राइव्ह दाखवला.

त्यांनी तो तळहातावर घेतला, उलटासुलटा केला आणि मोठ्यांदा हसले. "अगं, मग हे टोकन झालं!"

बाबा नोकरीत असताना महूच्या जुन्या मीटरगेजवर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना मिळून एकच लाइन असायची. टोकन म्हणजे लोखंडी गोळा... तो ड्रायव्हरच्या हाती आला की पुढच्या स्टेशनपर्यंतची लाइन त्याची. गोळा वेताच्या मोठ्या रिंगला बांधून उंच धरायचा आणि ड्रायव्हरने धावत्या इंजिनातून ती रिंग हातावर झेलायची. खरं तर हे काम पोर्टरचं, पण लहानपणी मी प्लॅटफॉर्मवर असले की बाबा स्वतः उभे राहायचे. लेकीपुढे रुबाब!

त्यांचा जुना गेमही या दुकानात यावा म्हणून मी तिथे मागणी नोंदवलीय, बनवणाऱ्यांना मेलही केलाय. बाबा रोज फोनवर विचारतात, आला का? नाही म्हटलं की म्हणतात, "लेट असेल. कॅन्सल तर नाही ना झाली?"

काल परत राऊला गेले होते. निघताना म्हटलं, पेनड्राइव्ह द्या, त्यात अजून एक गेम भरून आणते. स्कूटी सुरू केली तर बाबा फाटकाशी उभे. आईच्या भरतकामाच्या लाकडी रिंगला त्यांनी पेनड्राइव्ह दोऱ्याने बांधला होता.

"थांबायचं नाही हं. चालत्या गाडीतच घे," म्हणाले.

आणि त्यांनी हात वर केला. उजवा. आधी छातीपर्यंत... मग खांद्यापर्यंत... मग खांद्याच्याही वर! मागे आईने तोंडाला पदर लावला. मी हळूच स्कूटी पुढे घेतली, डावा हात घातला आणि रिंग कोपरापर्यंत सरकली. मागून बाबांचा आवाज, तोच जुना, स्टेशनवरचा... "लाइन क्लियर!"

वळणापर्यंत कशीबशी गेले, मग स्कूटी बाजूला लावून मनसोक्त रडले. रिंग हातातच होती.

गेम बनवणाऱ्या भियालोकांनो, भावांनो, तुम्ही कुठेही असा, तुमचं भलं होवो. फक्त एक करा... गेम आमच्या हातात द्या. माझ्या बाबांचा हात त्याच्यासाठी वर जातो.